घर तातडीने सोडताना पाळीव प्राण्यांबाबत या चुका टाळा

ठाण्यात पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी जाहीर होते, सी-१ म्हणजे अतिधोकादायक प्रवर्गातील इमारती रिकाम्या कराव्या लागतात आणि भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला की दिवा, कळवा भागातील सखल वस्त्यांत पाणी शिरते. म्हणजे घर सोडण्याची वेळ इथे अगदीच अनपेक्षित नसते; तरीही कुत्र्या-मांजरांचा विचार जवान दारात येऊन उभे राहिल्यावरच सुरू होतो.

निवारा म्हणून उघडलेल्या शाळेत किंवा समाजमंदिरात प्राण्याला घेतीलच, हे गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तिथे लहान मुले, आजारी माणसे असतात, त्यामुळे नकार मिळू शकतो. म्हणून मे महिन्यातच उंच भागातील एखाद्या नातेवाइकाला स्पष्ट विचारून ठेवावे (तो त्याच सखल वस्तीत राहणारा नसावा, हे सांगायला नको) आणि प्राणी सांभाळणाऱ्या एखाद्या केंद्राचीही चौकशी करावी. अशी केंद्रे लसीकरणाचे कार्ड पाहतात, त्यामुळे ते प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये असावा.

मांजराचा पिंजरा ऐनवेळी माळ्यावरून काढला, तर मांजर दिवाणाखाली जाऊन बसते आणि अर्धा तास तिथेच जातो. पिंजरा आधीपासून खोलीत उघडा ठेवून त्यात खाऊ घालावे. तरीही ते अडून बसलेच, तर हाताने ओढू नये. जाड टॉवेल टाकून गुंडाळावे, आणि पिंजराच नसेल, तर उशीचा अभ्रा तात्पुरता चालतो.

‘दोन तासांत परत येऊ’ म्हणून कुत्र्याला बांधून जाणे मात्र अक्षम्य आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा असंख्य लोक त्या रात्री घरी पोहोचू शकले नाहीत. नेणे खरोखरच अशक्य असेल, तर साखळी सोडावी, वरच्या मजल्यावर पाणी व खाणे ठेवावे आणि आत प्राणी आहे, अशी ठळक चिठ्ठी दारावर लावून बचाव पथकालाही सांगावे.

पुराच्या पाण्यातून चालवत नेलेल्या कुत्र्याला उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो) या आजाराचा धोका असतो, आणि हा आजार माणसालाही होतो. शक्यतो उचलून न्यावे, पोहोचताच अंग साबणाने धुऊन कोरडे करावे; ताप, उलट्या किंवा खाणे बंद झाल्यास पशुवैद्याला पुराच्या पाण्याचा संबंध आवर्जून सांगावा.