गोधडी शोधायला निघताय? आधी उलट्या बाजूचा फोटो

दोन वर्षांआधी चुलतभावाच्या लग्नात पाहुण्यांना अंथरायला आमच्या मायच्या हातच्या दोन गोधड्या दिल्या होत्या, त्या परत आल्या नाहीत. एक गेली ती गेलीच. दुसरी मला दिसली, हाताला लागली, तरी घरी आणता आली नाही. आता परवा मामेबहिणीच्या ओसरीवरून तीन गोधड्या गेल्या अन् तिचा रडत फोन आला, तिला जे सांगितलं तेच इथं लिहून राहिलो.

सगळ्यात पहिले फोटो. अन् फोटो म्हणजे उलट्या बाजूचा. सुलटी बाजू सगळ्यांचीच सारखी असते बापा, एकाच आठवडी बाजारातून घेतलेली हिरवी लुगडी, मरून काठ, आमच्या गावात अर्ध्या घरात तशीच गोधडी निघंल. खरी ओळख मागं असते. आमच्या गोधडीच्या मागच्या बाजूला माझा शाळेचा पांढरा शर्ट होता, खिशासकट शिवलेला, खिशाच्या खाली निळ्या शाईचा डाग. माय डावखुरी, त्यामुळं तिचा धावदोरा कडेनं उलटा फिरत मधात जातो अन् दोरा संपला की तिथं तीन बारीक टाके एकावर एक. हे सगळं मायला पाठ, मला यातलं एकही माहीत नव्हतं. तालुक्याच्या एका बिछायत केंद्राच्या (लग्नाला सतरंज्या, अंथरुणं भाड्यानं देणाऱ्याच्या) गोदामात सतरंज्यांच्या ढिगाखाली ती गोधडी निघाली, पण दुसऱ्या गावचे लोकही तिच्यावर हक्क सांगून राहिले होते, तर गोदामवाल्यानं विचारलं, ओळख सांगा. मी म्हटलं हिरवं लुगडं. ते म्हणे आमचंही हिरवंच. मग मी ती उलटून खिसा दाखवला, तर पाहून झाल्यावर दाखवलेल्या खुणेला काय किंमत, ती कोणीही दाखवेल. गेली. घरी येऊन मायला सांगितलं तर ती फक्त एवढंच म्हणाली, खिशाचं आधी सांगितलं असतं तर?

म्हणून खूण आधी सांगायची, गोधडी नंतर उलटायची, अन् जिनं शिवली तिला सोबत न्यायचं. म्हातारी आहे, ऊन आहे, तिला कशाला त्रास, असं म्हणू नका. न्या.

आता गोधडी गेलीच आहे तर फोटो कुठून आणणार, तर घरातले सगळे मोबाईल चाळा. लेकराच्या बारशाचा फोटो, आजारी माणूस खाटेवर झोपलेला, अंगणात गोधड्या वाळत घातलेल्या, कुठंतरी दुमडलेला कोपरा दिसतोच अन् दुमडलेल्या कोपऱ्यात उलटी बाजू असते. तेवढी पुरते. नाहीच सापडला तर शिवणाऱ्या बाईला बसवून कोणता तुकडा कुठं हे वहीवर काढून घ्या, लांबीरुंदी किती हात, एका वितीत टाक्यांच्या ओळी किती ते लिहा. तिच्याच हातची दुसरी गोधडी घरात असेल तर तिच्या उलट्या बाजूचा फोटो काढा, हात तोच असतो, टाका ओळखू येतो. आणि फोटो व्हाट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर टाके पुसट होतात.

मग घरचं पाहणं. कोठा, माळा, पेटी, धुवायला दिली होती का, वावरातल्या झोपडीत नेली का, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कोणी खाली टाकली का. लग्नकार्यानंतर हरवली असेल तर नव्वद टक्के म्हणा, बिछायतवाल्याच्या गाडीत गेलेली असते, चोरी नसते. लगेच जा, त्याच दिवशी. पुढच्या मुहूर्ताला ती दुसऱ्या गावी अंथरलेली असंल. एसटीत राहिली तर तिकीट फेकू नका, डेपोत वाहतूक नियंत्रकाला तिकीट दाखवून विचारा.

बाजारात जुने कपडे घेऊन बसतात त्यांच्याकडं पाहा, भांडेवालीला विचारा, गादीवाल्याला विचारा कारण काही लोक गोधडी उसवून आतलं भरायला वापरतात. विचारताना चोर म्हणून विचारू नका, 'आमची चुकून आली का' असं म्हणा. भांडेवालीनं तर बदल्यात भांडं दिलेलं असतं, तिचंही पोट आहे, भांड्याचे पैसे द्या अन् गोधडी घ्या.

आणि एक गोष्ट मला रागानं लिहावी लागते. गोधडी गेली की गावातले चार लोक लगेच पारधी बेड्याकडं बोट दाखवतात. पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा 1952 साली गेला, आपल्या डोक्यातून गेला नाही. कोणाच्या पालात शिरून अंथरूण ओढायचं नाही. आमच्या वेळी दोन पोट्टे निघालेच होते, मायनं अडवलं, अन् गोधडी निघाली कुठं तर गोदामात.

पोलिसात जायचं तर लेखी घेऊन जा, अन् किंमत नीट विचार करून लिहा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात साध्या चोरीचं कलम 303, अन् माल 5000 रुपयांच्या आतला असंल तर प्रकरण अदखलपात्र होतं, मग मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करत नाहीत. पण राहत्या घरातून किंवा प्रवासी गाडीतून माल गेला असंल तर कलम 305 येतं, ते दखलपात्र आहे. म्हणजे 'गोधडी चोरीला गेली' एवढंच लिहू नका, कुठून गेली ते लिहा, घरातून की गाडीतून. किंमत फुगवू नका, पण 'जुनी चिंधी आहे साहेब' असंही म्हणू नका, मी म्हटलं होतं. दोन महिन्यांची मजुरी, दोरा, कापड, सगळं धरा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. ठाणेदारानं नाहीच घेतली तर तक्रार पोस्टानं जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ती सोय आहे. तक्रारीला काय जोडायचं? उलट्या बाजूचा फोटो. दोन प्रती.

गावाच्या ग्रुपवर टाकताना मात्र सगळं टाकू नका. सुलट्या बाजूचा फोटो टाका, उलट्या बाजूची एक खूण स्वतःजवळ ठेवा, कोणाला सांगू नका. कोणी फोन करून म्हणालं गोधडी माझ्याजवळ आहे, आधी पाचशे पाठवा, तर त्याला ती खूण विचारा. पैसे आधी नाही.

बाकी पोलीस पाटलाला सांगणं, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगणं, हे तुम्हाला माहीतच आहे.

मिळाली तर. पोलिसांजवळ मिळाली तर ती मुद्देमालात जमा होते, कोर्टातून सुपूर्दनाम्यावर (मागितली तर हजर करीन असं लिहून देऊन) सोडवावी लागते, वेळ लागतो, चकरा माराव्या लागतात, कागद सांभाळा. घरी आली की लगेच नदीवर नेऊन धुवू नका, आधी उन्हात घाला, उसवलेलं असंल तिथं टाके घालून घ्या, भिजवलेली गोधडी उसवलेल्या जागीच फाटते.

अन् ज्यांची गेली नाही त्यांनी आजच, आता, पेटी उघडून. चारही कोपरे, अन् उलटी बाजू. मामेबहिणीकडं तीनपैकी एकीचाच फोटो निघाला, भाच्याच्या तेलमालिशीचा, त्यात गोधडीची उलटी बाजू वीतभर दिसते. तेवढाच घेऊन उद्या सकाळच्या गाडीनं मी अन् माय जातो आहे.