वऱ्हाडी जिभेला फ्रेंच कसं शिकवावं

इंग्रजीतून फ्रेंच शिकवू नका. पोरगं इंग्रजीच्या सवयीनं 'टेबल' म्हणतं. फ्रेंचमध्ये ते 'ताब्ल', 'ताटा'तल्या त सारखं दाताला जीभ लावून. पहिले दोन आठवडे फळ्यावर रोमन अक्षर काढूच नका. 'पारी'चा (पॅरिसचा) न उच्चारायचा स दिसला, की तो तोंडात बसलाच!

मोरोक्को-अल्जीरियात फ्रेंच शिकवणाऱ्यांना प छळतो. अरबीत प नाही, म्हणून 'पारी'चं 'बारी' होतं. आपल्याला ती अडचण नाही. पतंगाच्या कागदाची पट्टी ओठांपुढे धरून 'पापा' म्हणायला लावा. पट्टी फडफडली तर हवा जास्त सुटते, म्हणजे इंग्रजी वळण आलं.

फ्रेंचचा घशातला र मात्र अरबी पोरांना सोपा, कारण त्यांच्याकडे ग़ आहे. वर्गात उर्दू नीट बोलणारं कोणी असेल तर त्याच्याकडून 'ग़म' म्हणवून घ्या. नसेल तर पाण्याच्या गुळण्या करायला लावा, मग तोच आवाज पाण्याशिवाय.

आपली पोरं काय, अरबी पोरं काय, दोघांचीही गाडी एकाच स्वरावर अडते. 'ई' म्हणत राहायचं, जीभ हलवायची नाही, फक्त ओठ शिट्टीसारखे गोल करायचे. तीन सेकंद धरून ठेवा. जीभ मागे सरकली की 'ऊ' होतो आणि फ्रेंचमध्ये 'रस्ता'चं (rue) 'चाक' (roue) होतं. दोन्ही शब्दांत फरक तेवढ्याच स्वराचा.

वऱ्हाडीचा एक फायदा पुस्तकात सापडणार नाही. 'डोळा'चा 'डोया' करणाऱ्या पोराला, दोन ल लिहून 'फीय' (मुलगी) का वाचायचं, हे समजवावं लागत नाही. अपवाद तेवढे पाठ करवा: 'वील' (शहर), 'मील' (हजार).

आकड्यांत विसा-विसांनी (वीस-वीसच्या गटांनी) मोजणारी म्हातारी माणसं कामाला येतात. ऐंशी म्हणजे फ्रेंचमध्ये 'चार विसा', नव्वद म्हणजे 'चार विसा दहा'. सत्तर मात्र 'साठ-दहा'. बाजाराच्या दिवशी भावांवर सराव घ्या.

लिंगाला नियम शोधू नका. आपलं पुस्तक नपुंसक, तिकडे पुल्लिंगी. आपलं घरही नपुंसक, पण तिकडे स्त्रीलिंगी. अरबीत सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, फ्रेंचमध्ये नेमकं उलट. म्हणून वहीत नुसता शब्द नको: 'ल लिव्र' (पुस्तक, पुल्लिंगी 'ल'), 'ला मेझों' (घर, स्त्रीलिंगी 'ला') असाच लिहायचा, दोन रंगांत. शब्द स्वरानं सुरू होत असेल तर 'ल' आणि 'ला' दोन्ही आखडून सारखेच दिसतात. तिथे 'एक'चं रूप लिहा: 'यून एकॉल' (एक शाळा).

कापूस वेचणी सुरू झाली की हजेरी गळते. उच्चारांचं काम दिवाळीआधी उरका.