पीएम किसानचा हप्ता अडकलाय? आधी स्टेटस बघा, मग तालुक्याला जा

शेजाऱ्याला २००० चा मेसेज आला आणि आपल्याला नाही आला की माणूस सरळ बँकेत जाऊन रांगेत उभा राहतो, बँकवाले म्हणतात तहसीलला विचारा, तहसीलवाले म्हणतात कृषी ऑफिसला जा, आणि त्यात दिवसाची मजुरी बुडते. म्हणून घरातून निघायच्या आधी मोबाईलवर नेमकं काय अडलंय ते बघाच.

पीएम किसानच्या सरकारी साईटवर 'नो युवर स्टेटस' म्हणून आहे, तिथे रजिस्ट्रेशन नंबर लागतो. तो कुणाच्याच लक्षात नसतो, पण तिथेच मोबाईल नंबर किंवा आधार टाकून तो काढता येतो. ओटीपी टाकला की माहिती उघडते, त्यात तीनच गोष्टी बघायच्या: लँड सीडिंग (म्हणजे जमिनीची नोंद योजनेला जोडलीय का), ई-केवायसी (म्हणजे आधारवरून ओळख पटवलीय का) आणि आधार बँक सीडिंग (म्हणजे बँक खातं आधारला जोडलंय का). जिथे 'नो' दिसतंय त्याचा फोटो काढून ठेवा, ऑफिसात तोच दाखवायचा.

सगळ्यात जास्त गोंधळ बँक सीडिंगचा. लोक म्हणतात अहो मी बँकेत आधार दिलंय की. पण केवायसीला झेरॉक्स देणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, खातं एनपीसीआयला (बँकांचे व्यवहार जोडणारी संस्था) जोडणं वेगळं, त्याचा फॉर्म शाखेत वेगळा भरून द्यावा लागतो. आणि आधारला शेवटचं जे खातं जोडलंय पैसे तिथेच जातात. लाडकी बहीणच्या वेळी बऱ्याच बायांनी नवीन खाती काढली, ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांचा हप्ता त्या नवीन खात्यात पडलेला असू शकतो आणि इकडे जुनं पासबुक भरून भरून काही दिसत नाही. माय आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं की कुठली बँक जोडलीय ते कळतं. शाखा दाद देत नसेल तर पोस्टात पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढा आणि काढतानाच डीबीटीला जोडून घ्या.

ई-केवायसी आधारला मोबाईल लिंक असेल तर ओटीपीवर घरीच होते, नसेल तर गावातल्या सीएससी म्हणजे सरकारी ऑनलाईन कामांच्या सेंटरला अंगठा. आता आयुष्यभर खुरपं धरलेल्या म्हाताऱ्या आईचा अंगठा मशीन घेतच नाही, दहाही बोटं पुसून पुसून लावली तरी लाल लाईट. तिला परत परत हेलपाटे मारायला लावू नका, पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी होते, मुलाच्या मोबाईलवरूनही.

लँड सीडिंग 'नो' असेल तर मात्र तालुक्यालाच जावं लागतं. सातबारा, आठ अ, फेरफार, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन जा, अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. वडील वारले असतील तर आधी वारस नोंद, मग मुलाच्या नावाने नवीन अर्ज, त्यांच्या खात्यावर हप्ते येऊ देऊ नका, नंतर वसुली निघते. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीवर मिळत नाही, वारसाने आलेली असेल तर चालतं. नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन असली तरी कुटुंबात एकालाच, आणि इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना नाही.

फार्मर आयडी (शेतकऱ्याचा जमिनीशी जोडलेला ओळख नंबर) काढला नसेल तर तोही काढा, आपल्या राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषीच्या योजनांना तो लागतो. दोन गावांत जमीन असेल तर सगळे गट त्यात घ्यायला सांगा, सेंटरवाला घाईत एखादा गट सोडून देतो.

राज्य सरकारच्या नमो शेतकरी योजनेच्या वर्षाच्या ६००० साठी वेगळा अर्ज नाही, पीएम किसानच्याच यादीवरून येतात. म्हणजे इकडची दुरुस्ती राहिली की दोन्हीकडचे मिळून वर्षाचे १२००० अडकतात.

व्हॉट्सॲपवर पीएम किसान नावाची एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप टाकणारी फाईल) फिरते ती अजिबात उघडू नका, त्यातून चोर खातं रिकामं करतात. काही विचारायचं असेल तर हेल्पलाईन १५५२६१, फोन लावताना रजिस्ट्रेशन नंबर हाताशी ठेवा.