एलएलबीचा फॉर्म भरण्याआधी गुणपत्रिका पुढ्यात घ्या

एलएलबीला जायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा सीईटीच्या (सामाईक प्रवेश परीक्षेच्या) क्लासची चौकशी करतात. सीईटीचा स्कोअर कॉलेज कोणतं मिळेल एवढंच ठरवतो. मुळात प्रवेशाला तुम्ही पात्र आहात की नाही, हे दहावी, बारावी आणि पदवीच्या कागदांवर ठरतं. सीईटीत उत्तम गुण, कॅपमध्ये (केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत) मनासारखं कॉलेज आणि कागदपत्रांच्या पडताळणीत अर्ज बाद, असं दरवर्षी अनेकांचं होतं. बाद होण्याची कारणं मात्र ठरावीकच असतात आणि त्यातली बहुतेक सहा महिने आधी घरबसल्या कळू शकतात.

हे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमावलीत आहेत आणि ते देशभर लागू आहेत. महाराष्ट्रातली प्रवेशप्रक्रिया राज्य सीईटी कक्ष राबवतो, पण पात्रतेचा पाया तोच आहे. कॉलेजच्या ऑफिसातल्या कुणी 'चालून जाईल' म्हटलं म्हणून यातली अट सैल होत नाही.

तीन वर्षं की पाच वर्षं

बारावीनंतर लगेच जायचं असेल तर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे: बीए एलएलबी, बीबीए एलएलबी, मुंबई विद्यापीठात बीएलएस एलएलबी. त्याला बारावी उत्तीर्ण लागते. शाखा कोणतीही चालते. कला, वाणिज्य, विज्ञान असा भेद नाही. पदवी झाली असेल तर तीन वर्षांची एलएलबी. तिथेही बीए, बीकॉम, बीएस्सी, बीई, बीफार्म, काहीही चालतं.

पदवीधरालाही बारावीच्या जोरावर पाच वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो, पण पदवी आहे म्हणून थेट तिसऱ्या वर्षात बसता येत नाही. नियमात अशा मधल्या प्रवेशाला साफ मनाई आहे. तसंच पाच वर्षांचा कोर्स तिसऱ्या वर्षी सोडून 'निदान बीए तरी पदरात पडेल' हा हिशोबही चालत नाही.

टक्केवारी

किमान गुण असे आहेत: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. महाराष्ट्रात विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांनाही ४२ ची अट लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र असलेल्यांना जागांत आरक्षण आहे, पण किमान गुणांत सवलत नाही. त्यांना ४५ च लागतात. इथे गैरसमज फार होतो.

पाच वर्षांच्या कोर्सला हे टक्के बारावीचे बघतात, तीन वर्षांच्या कोर्सला पदवीचे. म्हणजे बारावीला ४१ टक्के आणि बीकॉमला ५२ टक्के असतील तर तीन वर्षांच्या एलएलबीला काही अडत नाही. बारावी फक्त उत्तीर्ण असायला हवी.

आता गुणपत्रिका पुढ्यात घ्या. महाराष्ट्र बोर्डाची बारावीची बेरीज ६०० पैकी असेल, तर ४५ टक्के म्हणजे २७० गुण, ४२ टक्के म्हणजे २५२ आणि ४० टक्के म्हणजे २४०. तुमचे २६९ असतील तर ते ४४.८३ टक्के झाले. पदवीच्या सहा सत्रांची बेरीज ३६०० पैकी १६१६ असेल तर ४४.८९. हे ४५ झाले असं धरून पैसे भरू नका. 'अर्धा टक्का वर घेतात' ही ऐकीव गोष्ट आहे. पडताळणीला बसलेला माणूस दशांशासकट आकडा बघतो. दुसरी चूक म्हणजे 'सर्वोत्तम पाच' विषयांची टक्केवारी काढणं. दहावीच्या गुणपत्रिकेमुळे ती सवय लागलेली असते. एलएलबीच्या पात्रतेत एकूण गुणांची टक्केवारी धरतात, सगळ्यात कमी गुणांच्या विषयासकट.

श्रेयांक पद्धतीत गुणपत्रिकेवर टक्के नसतात, सीजीपीए असतो. तिथे सरळ १० ने किंवा ९.५ ने गुणून मोकळे होऊ नका. ९.५ चा गुणक सीबीएसईच्या दहावीसाठी होता, तुमच्या पदवीशी त्याचा संबंध नाही. प्रत्येक विद्यापीठाचं रूपांतराचं सूत्र वेगळं असतं, एकाच विद्यापीठात अभ्यासक्रमानुसारही बदलतं. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला ते छापलंय का बघा. नसेल तर परीक्षा विभागातून टक्केवारीचं रूपांतर प्रमाणपत्र काढून घ्या आणि फॉर्ममध्ये तोच आकडा भरा. फॉर्ममध्ये ५८.४ आणि प्रमाणपत्रावर ५६.९ असा फरक दिसला की अर्ज परत येतो, मग दोन्ही आकडे ४५ च्या कितीही वर असोत.

बारावीला गुण कमी पडले असतील तर दोन रस्ते आहेत. एक, राज्य मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेत परत परीक्षा देणं. संधी मोजक्या आणि लगतच्या परीक्षांपुरत्याच असतात, त्यामुळे दोन-तीन वर्षं गेल्यावर हा रस्ता बंद होतो. दुसरा, साधी पदवी घेऊन तीन वर्षांच्या कोर्सला जाणं. एक वर्ष जास्त लागतं, पण आमच्या मते ३८-४० टक्के असलेल्याने सुधार परीक्षेच्या मागे वर्ष घालवण्यापेक्षा हाच रस्ता जास्त खात्रीचा आहे.

मुक्त विद्यापीठाची पदवी

सगळ्यात जास्त रडारड इथे होते, म्हणून जरा थांबून वाचा.

मुक्त किंवा दूरशिक्षणाने घेतलेली पदवी चालते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची असो वा इग्नूची, नियमात तिला थेट मान्यता आहे. अडचण आहे ती पायऱ्या गाळण्याची. दहावी, मग बारावी, मग तीन वर्षांची पदवी, हा क्रम हवा. बारावी न करता पूर्वतयारी अभ्यासक्रमाची परीक्षा देऊन थेट बीएला बसलेला विद्यार्थी, किंवा कोणतीच मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी वा पदव्युत्तर पदवी घेतलेला, एलएलबीला पात्र ठरत नाही. पदवी खरी आहे, नोकरीच्या जाहिरातीला ती चालतही असेल, पण इथे चालत नाही.

मग पदवीनंतर आता बारावी केली तर? पदवीच्या वेळी हातात बारावी नव्हती, त्यामुळे तीन वर्षांच्या कोर्सला तो क्रम उलटाच राहतो. त्या परिस्थितीत स्वच्छ मार्ग असा: बारावी करा, बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरून किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, आणि तिच्या गुणांवर पाच वर्षांच्या कोर्सला जा. वय आड येत नाही. २००८ च्या नियमांत पाच वर्षांसाठी २० आणि तीन वर्षांसाठी ३० अशी वयोमर्यादा होती. तिच्यावरून बरीच कोर्टबाजी झाली, २०१६ मध्ये ती पुन्हा लागू करणाऱ्या परिपत्रकाला २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. महाराष्ट्राच्या सीईटीला कमाल वयाची अट नाही. पन्नाशीतले विद्यार्थी वर्गात सर्रास दिसतात.

दहावीनंतर तंत्रनिकेतनाची पदविका केलेल्यांनी पदविका म्हणजे बारावी असं गृहीत धरू नये. पदविकेच्या भरवशावर पाच वर्षांच्या कोर्सचा फॉर्म भरण्याआधी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतला पात्रतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. शंका राहिली तर सीईटी कक्षाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. हेल्पलाइनवर फोनवरून मिळालेलं 'हो' पडताळणीच्या टेबलावर दाखवता येत नाही.

परदेशी बोर्डातून किंवा विद्यापीठातून शिकलेल्यांना भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र लागतं. आखाती देशांतल्या सीबीएसई शाळेतून बारावी झालेल्यांना ते नको, कारण बोर्ड भारतीयच आहे.

प्रवर्गाचे कागद आणि पात्रता

जातीचा दाखला एकटा पुरत नाही. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास यांना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर, असे तिन्ही लागतात. अनुसूचित जाती-जमातींना नॉन-क्रिमीलेअर नको, वैधता हवीच. नॉन-क्रिमीलेअरची मुदत प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत असावी: २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंत. अनेकांकडे दाखला असतो, मुदत मात्र आदल्याच मार्चमध्ये संपलेली असते.

आता यातला खरा सापळा. हे कागद नसले की उमेदवाराला खुल्या प्रवर्गात टाकतात, आणि लोकांना वाटतं की फार तर कॉलेज थोडं खालचं मिळेल. पण खुल्या प्रवर्गात गेल्यावर किमान गुणांची अटही ४५ होते. पदवीला ४३ टक्के असलेला ओबीसी विद्यार्थी वैधता नसल्यामुळे नुसता आरक्षणाला मुकत नाही, तो प्रवेशालाच अपात्र होतो. तेव्हा तुमचे गुण ४० ते ४५ च्या पट्ट्यात असतील तर अभ्यासाच्या पुस्तकांआधी वैधतेचा अर्ज जात पडताळणी समितीकडे दाखल करा. त्याला महिने लागू शकतात. महाराष्ट्राबाहेरच्या जातीच्या दाखल्यावर इथली सवलत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

बाकीच्या कागदांत दहावीची गुणपत्रिका, बारावीची, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका (फक्त शेवटच्या वर्षाची नव्हे), शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र आणि राष्ट्रीयत्वाचा पुरावा तयार ठेवा. शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र. एटीकेटीने सुटलेल्या विषयांच्या गुणपत्रिका वेगळ्या असतात, त्या हमखास राहतात. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र जोडावं आणि सीईटीचा फॉर्म दहावीच्या नावाने भरावा की बदललेल्या, हे आधीच ठरवून सगळीकडे तेच ठेवावं. वडिलांच्या नावातला एखादा 'राव' एका कागदावर असतो, दुसऱ्यावर नसतो. तेवढ्यावरही शेरा येतो.

स्कॅन करताना दाखल्याची मागची बाजूही घ्या. शिक्का आणि सही बऱ्याचदा तिथेच असते.

सीईटी आणि त्यानंतर

परीक्षा संगणकावर असते, प्रश्न इंग्रजी आणि मराठी दोन्हींत दिसतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. शेवटच्या वर्षाला किंवा बारावीला बसलेल्यांना सीईटी देता येते. प्रवेशाच्या वेळी मात्र उत्तीर्ण झाल्याची गुणपत्रिका हातात हवी. निकाल राखून ठेवलेला असेल तर कॉलेजमध्ये चकरा आताच सुरू करा.

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला असं नाही. निकालानंतर कॅपची नोंदणी वेगळी असते, तिची फी वेगळी, कागद परत अपलोड करायचे, कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे. ही खिडकी थोडेच दिवस उघडी असते. अर्जावर पडताळणीत शेरा आला की तो 'परत पाठवला' असा दिसतो, फोन कुणी करत नाही. रोज लॉगिन करून बघा.

राष्ट्रीय विधी विद्यापीठं या सीईटीत येत नाहीत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही वेगळी देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि ती साधारणपणे आदल्या डिसेंबरात होते, म्हणजे बारावीची परीक्षा व्हायच्या आत. तिथे ओबीसींनाही ४५ टक्केच लागतात, ४२ नाहीत. अनुसूचित जाती-जमातींना ४०. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा आणखी वेगळी. गोव्यातली कॉलेजंही महाराष्ट्राच्या सीईटीने भरत नाहीत.

नोकरी करणाऱ्यांसाठी

एलएलबी पत्राद्वारे किंवा ऑनलाइन होत नाही. तशी जाहिरात दिसली तर पुढे जाऊ नका. त्या पदवीवर वकिलीची सनद मिळणार नाही. एकाच वेळी दुसरा नियमित पदवी अभ्यासक्रमही चालत नाही, एमकॉम सुरू असेल तर ते आधी संपवा किंवा सोडा. हजेरीची अट नियमावलीत प्रत्येक विषयाला ७० टक्के आहे. सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकानुसार विद्यार्थ्याकडून नोकरी, दुसरा अभ्यासक्रम आणि फौजदारी प्रकरणं यांबद्दल प्रतिज्ञा घेतली जाते. नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र मागतात. सरकारी नोकरीत असाल तर परवानगीचा अर्ज खात्याकडे सीईटीच्या फॉर्मबरोबरच टाका. फाईल टेबलावरून टेबलावर जाईपर्यंत कॅपची पहिली फेरी होऊन गेलेली असते.