जूनची शाळा आणि डब्याचं झाकण

इंदूरला शाळेचं वर्ष दोनदा सुरू होतं. एकदा एप्रिलच्या सुरुवातीला, आणि मे महिन्याची सुटी संपली की जूनच्या मध्यावर परत. एप्रिलमधले ते चार आठवडे म्हणजे नुसती हजेरी लावणं, असं मी समजत होते. मागच्या वर्षी नातू पहिलीत गेला आणि दुसऱ्याच दिवशी डबा जसाच्या तसा घरी आला. पोळीचा रोल, गुळांबा, सगळं जागच्या जागी.

चौकशी केली तेव्हा कळलं की नव्या डब्याचं झाकण त्याला निघेना. तो बाईंकडे गेलाही होता. म्हणाला, "मैम, इसका झाकण नहीं निघ रहा." बाई हिंदी घरातल्या, त्यांना काही उमगेना. त्यांनी दोनदा विचारलं, हा लाजला आणि जागेवर येऊन बसला. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. त्यात हे पोर उपाशी राहिलं.

बस्ता म्हणजे दप्तर, बूट, बाटली, सगळं आणलं होतं हो आम्ही! झाकण त्याच्याकडून उघडवून बघायचं मात्र कुणाला सुचलं नाही. मुलगा-सून दोघं नोकरीला, त्यामुळे हे खातं माझ्याकडे. मग मे महिन्यात मी त्याची तालीमच घेतली. तुमच्याकडे पहिली-दुसरीतलं मूल असेल तर तुम्हीही घ्या.

डब्यापासून सुरुवात करा. रोज दुपारचं जेवण आठवडाभर शाळेच्याच डब्यात द्या, झाकण त्यालाच काढू द्या आणि लावूही द्या. लावणं जास्त अवघड असतं; नीट बसलं नाही की वह्यांना तेल. आमच्याकडे शेवटी डबाच बदलावा लागला, बाजूला खटका असलेला घेतला. घड्याळ लावून वीस मिनिटांत जेवायची सवय करा, कारण मधल्या सुटीत तेवढाच वेळ मिळतो आणि त्यातलाही निम्मा गप्पांत जातो. आपल्या इंदुरी माणसाला पोहे द्यायचा मोह होतो. द्या, पण जरा ओलसर ठेवा आणि शेव वेगळ्या पुडीत बांधा. सकाळी सातला वर घातलेली शेव दहापर्यंत लगदा होते.

बाटलीचं झाकण, पँटचं बटण, रेनकोटची चेन आणि बुटाचा पट्टाही असाच करून बघायला द्या. आपण मदतीला हात पुढे करायचा नाही. हे मला सर्वांत जड गेलं.

आता भाषा. अडचणीची पाच-सहा वाक्यं हिंदीत पाठ करून घ्या: टॉयलेटला जायचंय, पोट दुखतंय, डबा उघडून द्या, पेन्सिल हरवली, व्हॅनवाले भैया दिसत नाहीत. मी बाई व्हायची आणि मुद्दाम "क्या?" म्हणायची, म्हणजे न लाजता दुसऱ्यांदा सांगायची सवय होते. आकडेही तसेच. आपलं एकोणपन्नास त्यांचं उनचास, घरातले पाढे मराठीत असले तर मूल तिथं अडखळतं. छापील हिंदी पुस्तकातले ल आणि श आपल्याहून वेगळे दिसतात, ते आधी दाखवून ठेवा आणि आपलं तेच बरोबर असा हट्ट धरू नका. दोन्ही बरोबर. एकदा सरकारी पाटीवर 'शिक्षा विभाग' वाचून नातवानं विचारलं, "आजी, इथं छड्या मारतात का?" तेव्हा शिक्षा म्हणजे त्यांच्याकडे शिक्षण, हेही सांगून टाका.

पुस्तकांसाठी खजुरी बाजार आहेच, पण शनिवारी संध्याकाळी मुलाला घेऊन जाऊ नका. कव्हरं मात्र त्याच्या बरोबर बसून घाला. खाकी कागद पसरायचा, त्यावर पुस्तक उघडून पालथं ठेवायचं, चारी बाजूंनी चार बोटं कागद सोडून कापायचा. पुस्तकाच्या पाठीपाशी वर आणि खाली दोन-दोन चिरा द्यायच्या आणि मधली पट्टी आत दुमडायची. ही पट्टी विसरलात तर आठ दिवसांत कव्हर तिथूनच फाटतं. नावाची चिठ्ठी त्याच्या हातानं लिहून घ्या, वाकडी आली तरी चालेल. आपली कॉपी, म्हणजे वही, वीस कॉप्यांच्या ढिगातून त्याला शोधता आली पाहिजे.

दप्तराचं वजन घरच्या काट्यावर बघा. मुलाला आधी नुसतं उभं करा, मग बस्ता पाठीला लावून. केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणानुसार बस्ता मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो धरलेत. आमचा वीस किलोचा, म्हणजे दोन किलो. काट्यावर साडेतीन निघाले! लिटरभर पाण्याचाच एक किलो होता, आणि एक जाडजूड कंपास, ज्यात पेन्सिल एकच. पाऊण लिटरची बाटली दिली, कंपास काढला, वेळापत्रकाबाहेरच्या कॉप्या घरी ठेवल्या.

बूट एप्रिलमध्ये घेतले असतील तर जूनमध्ये पुन्हा घालून बघा, पाय थांबत नाहीत. नवा घ्यायचा तर संध्याकाळी मोजे घालून, पुढे अंगठ्याएवढी जागा ठेवून. गणवेश एकदा धुऊनच घालायला द्या, मानेमागची चिठ्ठी कापून.

झोपेचं सुटीत पार वाटोळं झालेलं असतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. व्हॅन पावणेसातला येत असेल तर हिशेब तुम्हीच करा. शाळेच्या बारा दिवस आधीपासून दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं लवकर उठवा, रात्री आपोआप लवकर डोळे मिटतात. आधी लवकर झोपवायला जाल तर नुसती भांडणं. सराफ्यातल्या खाऊगल्लीतली रात्रीची फेरीही त्या बारा दिवसांत बंद. मुलाची आणि आजोबांचीही.

शाळा सुटून आल्यावर तासभर काही विचारू नका. नंतरही "काय शिकवलं?" विचारलंत तर "काही नाही" एवढंच मिळेल. मी विचारते, शेजारच्यानं डब्यात काय आणलं होतं? या जूनमध्ये पहिल्या दिवशी उत्तर आलं, "आलू पराठा. त्याचं झाकण मी उघडून दिलं."