गेको जेवत नाही? आधी शेपूट बघा

मुलीच्या हट्टापायी आमच्या न्यू जर्सीच्या घरात लेपर्ड गेको (पाळायची ठिपकेदार पाल) आला, तेव्हा आई फोनवर म्हणाली, "जन्मभर मी झाडूनं पाली हाकलल्या, आणि तुम्ही पैसे मोजून आणलीत?" पहिल्याच आठवड्यात या पाहुण्यानं अन्न सोडलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. पुढे त्याचे असे उपास बरेच झाले. त्यातून जो क्रम बसला, तो सांगतो. हे सगळं लेपर्ड गेकोपुरतं आहे. क्रेस्टेड गेकोला एवढी ऊब सोसत नाही.

१. शेपूट आणि वजन

लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो. शेपूट मानेएवढी जाड असेल तर मोठा, निरोगी गेको दहा-बारा दिवस न जेवताही ठीक राहतो. पिल्लांना मात्र ही सवलत नाही, ती एरवी जवळपास रोज खातात. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या (स्वयंपाकघरातला नको, घरात भांडणं होतात), त्यावर डबा ठेवून आठवड्यातून एकदा वजन करा आणि तारखेसह वहीत लिहा. मोठ्या गेकोचं वजन साधारण ५० ते ८० ग्रॅम असतं, म्हणजे पाच-सहा ग्रॅमची घटसुद्धा मोठी.

२. जमिनीची ऊब

मी आता अन्नाकडे बघण्याआधी थर्मामीटरकडे बघतो. या प्राण्याला पचनासाठी पोटाखालून ऊब लागते. ती कमी पडली की आतडी मंदावतात आणि तो खाणं थांबवतो. त्याच्या काचेच्या टाकीत उबदार बाजूच्या लपायच्या जागेत जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, म्हणजे साधारण ९० फॅरनहाइट हवी. थंड बाजू २४ ते २६. काचेवर चिकटवायचे गोल थर्मामीटर इथे कामाचे नाहीत; वायरवाला डिजिटल घ्या आणि त्याचं टोक गेको जिथं पोट टेकतो तिथंच ठेवा. आमच्याकडे एका हिवाळ्यात टाकीखालच्या हीटिंग मॅटचा (ऊब देणाऱ्या विजेच्या चटईचा) प्लग सैल झाला होता. आम्ही आठवडाभर वेगवेगळे किडे आणत बसलो आणि जमीन होती २३ अंशांवर! मॅटला थर्मोस्टॅट (तापमान ठरल्या मर्यादेत ठेवणारं यंत्र) लावाच, नाहीतर पोट भाजतं. आणि ऊब पूर्ववत होईपर्यंत खायला घालू नका, पोटात गेलेलं पचणार नाही.

३. हा नेहमीचा उपास तर नाही?

अंग फिकट, दुधी दिसत असेल तर तो कात टाकणार आहे. दोन-तीन दिवस थांबा. टाकलेली कात तो स्वतःच खातो. नंतर बोटांवर कात अडकली नाही ना, तेवढं बघा. घर नवीन असेल तर एक-दोन आठवडे पाणी बदलण्यापलीकडे हात लावू नका. मुलांना हे पटवणं सर्वांत अवघड. हिवाळ्यात आणि विणीच्या काळात मोठे नर कमी खातात. मादी नराशिवायही अंडी धरते: पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरे लंबगोल दिसले, तर ओलसर मातीचा झाकणाचा डबा आत ठेवा, झाकणाला ये-जा करण्यापुरतं भोक पाडून.

४. आता ताट

जेवण संध्याकाळी, दिवेलागणीला द्या. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. रोज मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या) खाऊन कंटाळला असेल तर रातकिडे किंवा डुबिया झुरळं द्या, चिमट्यात धरून जरा हलवत. वॅक्सवर्म, म्हणजे मेणपतंगाच्या चरबीदार अळ्या, हे श्रीखंड: रोज वाटीभर मिळालं तर भाकरीकडे कोण बघेल? पंधरा-वीस मिनिटांत न खाल्लेले रातकिडे बाहेर काढा, ते झोपलेल्या गेकोला चावतात. अंगणातले किडे नकोत, त्यांच्यावर कीटकनाशक असू शकतं. आणि काजवा तर कधीच नको, एका काजव्यानंही पाल मरू शकते. तोंड उघडून जबरदस्तीनं भरवणं हे डॉक्टरांचं काम, आपलं नाही.

५. थांबू नये असं केव्हा

वजन दहा टक्के घटलं, शेपूट काडीसारखी झाली, शी पातळ किंवा बंद झाली, अन्न उलटून आलं, जबडा मऊ लागला, चालताना पाय थरथरले: यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी फोन करा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सरपटणारे प्राणी तपासत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्या. वाळूवर ठेवलेल्या गेकोची शी अडली असेल तर वाळू पोटात गेल्याचा संशय धरा आणि तसं सांगा. ताजी शी बंद पिशवीत, वजनाची वही आणि टाकीच्या तापमानाचे आकडे सोबत न्या. थंडीत नेताना डब्याशेजारी टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा. परत आल्यावर सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे, कारण निरोगी दिसणाऱ्या गेकोच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.