दाढ काढण्याआधी: कारण न सापडणाऱ्या दुखण्याच्या तपासणीची तयारी

एक्स-रेत काही दिसत नाही, दाढ वरून धडधाकट आहे आणि तरीही जबडा ठणकतो, अशा वेळी “एकदाची काढूनच टाका” असे रुग्णही म्हणतो आणि घरचेही म्हणतात. कारण नक्की होईपर्यंत या म्हणण्याला बळी पडू नये. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया या चेहऱ्याच्या नसेच्या आजारात कधी कधी चुकून चांगल्या दाढा काढल्या जातात आणि कळ होती तिथेच राहते. काढलेली दाढ मात्र परत येत नाही.

दोन प्रसंगी मात्र तयारी करत बसू नये. चालताना किंवा शेतात काम करताना जबडा भरून येत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. त्यात घाम, धाप किंवा छातीत दाब जाणवला तर तत्काळ 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्याचप्रमाणे सूज गळ्याकडे उतरून गिळणे अवघड झाले असेल, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

इतरांनी प्रथम एक वही घ्यावी व निदान आठवडाभर दुखण्याची नोंद ठेवावी, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर “सगळीकडेच दुखते” एवढेच सांगितले जाते. “रात्री अकरा, डावी खालची बाजू, आडवे होताच ठणका, थंड पाणी तोंडात धरल्यावर आराम” ही एक ओळही पुष्कळ सांगते, कारण असे दुखणे बहुधा दातातील नस सुजल्याचे असते. थंड लागताच कळ येऊन लगेच जाते की बराच वेळ रेंगाळते, हे वेगळे लिहावे. कडक भाकरी चावताना, विशेषतः दाब सोडण्याच्या क्षणी, चमक येत असेल तर दाढेला बारीक तडा गेलेला असू शकतो आणि असा तडा साध्या एक्स-रेत पुष्कळदा दिसतच नाही. मागे कधी डाळीतला खडा दाताखाली आला होता का, तेही आठवून पाहावे. खाली वाकल्यावर वरच्या दाढा जड होत असतील व सर्दी असेल, तर सायनसचा (नाकाच्या बाजूच्या पोकळीचा) संशय घेता येतो, कारण त्या दाढांची मुळे सायनसच्या तळाशी असतात. तोंड धुताना किंवा वारा लागताच काही सेकंद विजेसारखी कळ येत असेल, तर चेहऱ्याच्या नसेचा विचार करावा लागतो. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असेल, तर रात्री दात खातो का, हे घरच्यांना विचारावे. जेवणाच्या वेळीच जबड्याखाली फुगवटा येत असेल, तर लाळग्रंथीतील खडा हे कारण असू शकते.

त्यानंतर कागदपत्रे जमवावीत. जुने एक्स-रे, रूट कॅनल कोणत्या दाढेचे व कोणत्या वर्षी केले याची नोंद, तसेच मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ ठेवणाऱ्या व हाडांच्या ठिसूळपणावरील गोळ्या यांची पाकिटे सोबत न्यावीत. मात्र कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये.

तंबाखू, गुटखा, सुपारी किंवा मिश्री यांची सवय संकोच न करता सांगावी. आपल्या भागात ही सवय इतकी सर्रास आहे की ती सांगण्याजोगी गोष्ट वाटतच नाही. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात मावत नसतील, तिखट झोंबत असेल, किंवा न भरणारी जखम असेल, तर ते सर्वांत आधी दाखवावे. वय पन्नाशीच्या पुढे असून चावताना जबडा थकत असेल व कानशील नव्याने दुखू लागले असेल, तर फिजिशियनकडे जाण्यास उशीर करू नये. रक्तवाहिन्यांच्या एका आजारात अशी लक्षणे दिसतात आणि त्यात दृष्टीही जाऊ शकते.

गावातल्या दवाखान्यात उलगडा होत नसेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा लातूर, नांदेड येथील दंत महाविद्यालयात मुखरोग निदान विभागात जावे. दुखणे सहन होत असेल तर तपासणीच्या अगदी आधी वेदनाशामक गोळी घेऊ नये, कारण मग दात ठोकून व थंड लावून केलेल्या चाचण्या फसव्या ठरतात. संशय असलेल्या दाढेजवळ बधिरतेचे इंजेक्शन देऊन कळ थांबते का, हे पाहता येईल का, असे डॉक्टरांना विचारावे; भाग पूर्ण बधिर होऊनही ती थांबली नाही, तर दुखण्याचे कारण त्या दाढेबाहेर असण्याची शक्यता वाढते आणि पुढची चिठ्ठी कान-नाक-घसा किंवा मेंदूविकार तज्ज्ञांकडे मागावी.